तीन जोड मोजे आणि सहा गोल

जर्मनीतल्या एका सभागृहात फुटबॉलवर व्याख्यान चाललं होतं आणि ते साफ पडत होतं. काळ १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धाचा. बोलणारा माणूस इंग्लंडचा, चाळिशी ओलांडलेला, आणि त्याचं जर्मन म्हणजे आनंदच होता. फुटबॉल हा नुसता शरीराचा नाही, डोक्याचाही खेळ आहे, असं त्याला म्हणायचं होतं. शब्दाची गफलत झाली आणि तोंडून निघालं की फुटबॉल हा शरीराचा आणि कमिटीचाही खेळ आहे. (आपल्याकडच्या क्रीडा संघटनांचा कारभार जवळून पाहिलेल्या माणसाला यात काही चुकलंय असं वाटणार नाही, पण ते असो.) सभागृहात हशा पिकला. वक्त्याने दहा मिनिटांची विश्रांती जाहीर केली आणि आत निघून गेला.

परत आला तो बोल्टन वाँडरर्स या आपल्या जुन्या क्लबचा पोशाख चढवून. सगळ्यांसमोर त्याने बूट काढले, मोजेही काढले. तुमच्यातल्या चारांपैकी तिघांना चेंडू नीट मारता येत नाही, असं ऐकवलं आणि पंधरा यार्डांवरच्या लाकडी फळीवर अनवाणी उजव्या पायाने सणसणीत फटका मारला. चेंडू उसळून परत आला. खेळाडूचे दोन्ही पाय सारखे चालले पाहिजेत, असं म्हणता म्हणता त्याने तो डाव्या पायाने हाणला. फळी फुटून दोन तुकडे झाले. व्याख्यान मार्गी लागलं.

या माणसाचं नाव जिमी होगन. पुस्काश किंवा पेले हे नाव फुटबॉल न बघणाऱ्यालाही ठाऊक असतं. होगनचं नाव फुटबॉल बघणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच माहीत आहे. खेळाडू म्हणून तो बेताचा होता, इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात कधी निवडला गेला नाही. पण छोटे पास देत, चेंडू शक्यतो जमिनीवर ठेवून, तिघातिघांच्या जुळणीने पुढे सरकणारा जो खेळ आपण आज रात्र जागून टीव्हीवर बघतो, त्याच्या मुळाशी जायला निघालं की वाटेत हा माणूस भेटतोच. त्याने हा खेळ शोधला नाही. तो शिकवता येतो, आणि कसा शिकवायचा, हे त्याने दाखवलं. शोधणं आणि शिकवणं यातला फरक लक्षात आला की पुढची सगळी गोष्ट सोपी होते.

होगनचा जन्म १८८२ चा, लँकशायरमधल्या नेल्सन या गिरणीगावातला. घराणं आयरिश कॅथलिक. वडिलांना वाटायचं पोराने धर्मगुरू व्हावं. पोरगा फुटबॉलमध्ये गेला. बर्नली क्लबकडून खेळत असताना एका सामन्यात त्याने चेंडू चांगला पुढे काढला, गोलसमोर आला आणि फटका बारवरून गेला. सामना संपल्यावर तो मॅनेजरकडे गेला आणि विचारलं, माझं काय चुकलं? पाय चुकीच्या जागी पडला का? तोल गेला का? मॅनेजरचं उत्तर साधारण असं होतं, की मारत राहा रे, दहातला एक गेला तरी पुष्कळ.

दुसरा कुणी असता तर खांदे उडवून घरी गेला असता. होगनच्या डोक्यात मात्र ते घर करून राहिलं. दहातला एकच का? उरलेले नऊ कुठे जातात आणि का जातात, हे कुणी बघतच नाही का? तंदुरुस्ती वाढावी म्हणून त्याने याआधी घरीच जागेवर चालवायची सायकल जोडून घेतली होती आणि रोज तीस तीस मैल पॅडल मारत होता. काही दिवसांनी कळलं, आपल्या पोटऱ्या तेवढ्या घट्ट झाल्यात. फुटबॉल होता तिथेच आहे.

हा प्रश्न एकट्या त्याचा नव्हता. त्या काळच्या इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूंचा सराव म्हणजे मुख्यतः मैदानाला फेऱ्या. चेंडू आठवडाभर फारसा द्यायचाच नाही, म्हणजे शनिवारी सामन्यात खेळाडू चेंडूसाठी भुकेले राहतील, असं त्यामागचं शास्त्र. ऐकायला ते बरं वाटतं. पण उपाशी माणूस ताटावर तुटून पडेल, म्हणून त्याला स्वयंपाक येईल असं थोडंच आहे? आमच्या शाळेत पीटीच्या तासाला सर आधी पाच फेऱ्या मारायला लावायचे. चेंडू हातात येईपर्यंत घंटा व्हायची. आम्ही पळण्यात तरबेज झालो आणि चेंडू पायाला लागला की तो कुठे जाईल हे शेवटपर्यंत देवाच्या हाती राहिलं. त्यामुळे या भागाबद्दल मी जरा पक्षपाती आहे, हे आधीच सांगून टाकतो.

फेऱ्यांमागे आणखी एक समजूत होती, आणि ती जास्त खोल होती. खेळाडू जन्माला यावा लागतो, तो घडवता येत नाही. ज्याला येतं त्याला येतं. मग कोच हवा कशाला? इंग्लिश क्लबांत ट्रेनर असायचा, तो मालीश करायचा, पट्ट्या बांधायचा, पळवायचा. चेंडू कसा थांबवायचा हे पंचविशीतल्या कमावत्या खेळाडूला शिकवायला जाणं म्हणजे त्याचा अपमान.

आता थोडं मागे जाऊ. सुरुवातीच्या इंग्लिश फुटबॉलमध्ये शौर्य होतं ते ड्रिब्लिंगमध्ये. चेंडू पायात घ्यायचा, मान खाली घालायची आणि समोर येईल त्याला चकवत सुटायचं. चेंडू गेला की मागून येणारा दुसरा तो उचलणार आणि तोही तसाच सुटणार. १८७२ साली ग्लासगोमध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. स्कॉटिश संघातले सगळे खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे आणि अंगाने इंग्लिश खेळाडूंपेक्षा हलके. धडकाधडकीत निभाव लागणार नाही म्हणून ते चेंडू एकमेकांना देत खेळले. सामना ०-० सुटला. पुढे स्कॉटलंडमध्ये हा पासचा खेळ मुरत गेला आणि स्कॉटिश खेळाडूंबरोबर दक्षिणेत इंग्लिश क्लबांतही झिरपला. होगनला तो लंडनच्या फुलहॅम क्लबात भेटला. आपल्याला शिकवायचंय ते हेच, हे तिथे त्याला उमगलं.

मग तो गेला हॉलंडला. बोल्टनकडून खेळताना त्यांच्या संघाने दौऱ्यावर डोर्ड्रेख्ट या डच क्लबला १०-० ने धुतलं होतं. एवढ्या मोठ्या विजयानंतर होगन मनात काय म्हणाला? मी इथे परत येईन आणि या पोरांना नीट खेळायला शिकवेन. १९१० मध्ये, विशीही सरली नव्हती तेव्हा, तो खरंच त्याच क्लबचा कोच होऊन परत आला. तिथले खेळाडू बरेचसे विद्यार्थी. 'असं का?' असं विचारणारे. होगनला आयुष्यभर असेच शिष्य हवे होते.

त्याने केलं काय, हे आता जरा जवळून बघू, कारण सगळी मेख इथे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सरावात चेंडू आला. पळायचंय ना, मग चेंडू घेऊन पळा. दुसरी गोष्ट म्हणजे चेंडू थांबवणं. वरून येणारा असो, घरंगळत येणारा असो की गुडघ्याच्या उंचीवर येणारा असो, एका स्पर्शात तो मेला पाहिजे. आपले पोरं मैदानावर 'फर्स्ट टच' म्हणतात ते हेच. यात काय एवढं, असं वाटेल. तर हिशेब करून बघा.

तुमच्याकडे पास येतोय आणि प्रतिस्पर्धी सहा-सात मीटरवर उभा आहे. तो सुटला की सव्वा-दीड सेकंदात अंगावर येतो. चेंडू तुमच्या पायाला लागून दोन हात लांब उडाला, तर तो गाठण्यात अर्धा सेकंद गेला आणि पायाखाली घेण्यात आणखी अर्धा. उरलेल्या वेळात मान वर करून बघणार कधी आणि देणार कुणाला? मग माणूस करतो काय, तर घाबरून चेंडू पुढे भिरकावतो. लांब भिरकावलेला चेंडू म्हणजे नाणेफेक. आता हाच चेंडू एका स्पर्शात पायाशी निजला, तर तुमच्याकडे जवळजवळ अख्खा सेकंद आहे. या एका सेकंदात आजूबाजूला बघता येतं, कोण मोकळा आहे ते दिसतं आणि चेंडू देऊन मोकळं होता येतं. ज्याला आपण 'खेळाची जाण' म्हणतो, तिची अर्धी किंमत पायात चुकती झालेली असते. पाय पक्का नसेल तर डोकं कितीही चालू दे, त्याला चालायला वेळच मिळत नाही.

तिसरी गोष्ट जागेची. चेंडू देऊन उभं राहायचं नाही. तुम्ही, मी आणि तिसरा, असा त्रिकोण धरा. मध्ये एक बचाव करणारा. मी चेंडू तुम्हाला दिला की तो तुमच्याकडे वळणार. तोवर तुम्ही तो तिसऱ्याला दिलेला आहे आणि मी त्या बचाव करणाऱ्याच्या पाठीमागे पोचलोय. त्याने धावून धावून धावायचं किती? चेंडूला दम लागत नाही, माणसाला लागतो. आणि हे सगळं जमिनीवरून, कारण घरंगळत आलेला चेंडू थांबवायला सोपा. लांब पास द्यायचाच नाही, असा हट्ट मात्र होगनचा नव्हता. द्या, पण कुणाला देताय ते बघून द्या, एवढंच त्याचं म्हणणं.

त्याबरोबर फळ्यावर खडूने आकृत्या काढणं आलं, खाण्यापिण्याची शिस्त आली, दारू-सिगारेटवर नजर आली. आज यातलं काहीच नवं वाटत नाही. १९१० मध्ये एका व्यावसायिक इंग्लिश खेळाडूपुढे यातलं निम्मं बोललं असतं तरी त्याने वेड्यात काढलं असतं.

१९१२ मध्ये होगन व्हिएन्नाला पोचला. ऑस्ट्रियाच्या फुटबॉलची सूत्रं ज्याच्या हाती येत होती तो ह्यूगो माइझल हा बँकेत नोकरी केलेला, अनेक भाषा बोलणारा, ज्यू घरातला माणूस. एका इंग्लिश पंचाकडून त्याला होगनचं नाव कळलं आणि त्याने स्टॉकहोम ऑलिंपिकच्या तयारीसाठी त्याला सहा आठवडे बोलावून घेतलं. सुरुवात वाईटच झाली. खेळाडूंना त्याचं बोलणं कळेना आणि हा आम्हाला बाराखडी काय गिरवायला लावतोय, असंही वाटलं. पण माइझल आणि होगन रात्र रात्र बसून बोलले, आणि त्या बोलण्यातून पुढच्या दोन दशकांचं ऑस्ट्रियन फुटबॉल निघालं असं म्हणायला हरकत नाही.

पुढे आलं युद्ध. होगन १९१४ मध्ये पुन्हा व्हिएन्नात होता, यावेळी १९१६ च्या बर्लिन ऑलिंपिकची तयारी करायला. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं, ऑलिंपिक रद्द झालं आणि होगन शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटकेत. बायकामुलं पुढे इंग्लंडला जाऊ शकली, तो अडकला. व्हिएन्नात दुकान असलेल्या एका ब्रिटिश कुटुंबाने त्याला आसरा दिला, तिथे तो पडेल ते काम करायचा आणि मुलांना टेनिस शिकवायचा. शेवटी बुडापेस्टच्या एमटीके क्लबच्या एका पदाधिकाऱ्याने, जो सरदार घराण्यातला होता, वजन वापरून त्याला हंगेरीत नेलं. पोलिसांकडे नियमाने हजेरी लावायची आणि बाकी वेळ फुटबॉल शिकवायचा.

क्लबातले कितीतरी जण आघाडीवर गेलेले. संघ उभा करायचा कुणातून? एका बागेत पोरं चेंडू खेळत होती, त्यातली दोन होगनच्या नजरेत भरली. झडप घालून ती त्याने आपली करून टाकली. ग्यॉर्ग ओर्थ आणि योझेफ ब्राउन. दोघंही शाळेत जाणारी. शाळा सुटली की मैदानावर यायची आणि होगन त्यांच्यावर मेहनत घ्यायचा. शाळकरी पोरं मिळाली हे त्याच्या दृष्टीने नशीबच, कारण मोडून काढायला वाईट सवयीच नव्हत्या. १९१६-१७ पासून १९२४-२५ पर्यंत एमटीकेने हंगेरीचं विजेतेपद सलग नऊ वेळा जिंकलं. होगन त्यातली पहिली दोनच वर्षं तिथे होता. मला यातला नऊ हा आकडा तितका महत्त्वाचा वाटत नाही. मास्तर निघून गेल्यावरही वर्ग नीट चालू राहिला, हे जास्त महत्त्वाचं.

आता मोज्यांची गोष्ट. युद्ध संपल्यावर होगन इंग्लंडला परतला तेव्हा खिशात दमडी नव्हती. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या खेळाडूंसाठी इंग्लिश फुटबॉल असोसिएशनकडे निधी आहे, त्यातून दोनशे पौंड मिळतील, असं त्याला कुणीतरी सांगितलं. लंडनला जायचं तर भाडं हवं, ते उसने पैसे काढून भरलं. सेक्रेटरीने त्याला समोर बसवलं आणि खाकी मोज्यांचे तीन जोड हातात ठेवले. आघाडीवरच्या पोरांना हे मिळाले तेव्हा किती आनंद झाला होता, असंही ऐकवलं. अर्थ स्पष्ट होता. आमची पोरं खंदकात मरत असताना तू शत्रूच्या देशात फुटबॉल खेळवत होतास. हा प्रसंग होगन स्वतःच सांगायचा, आणि तो त्याच्या मनातून कधी गेला नाही.

इथे जरा वेळ इंग्लंडमध्येच थांबू, कारण त्या काळात तिथे एक नियम बदलला आणि तो समजल्याशिवाय १९५३ चा इंग्लंड-हंगेरी सामना समजत नाही.

ऑफसाइडचा नियम. आधी असं होतं की तुमच्या साथीदाराने पास दिला त्या क्षणी तुमच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तिघे हवेत, नाहीतर ऑफसाइड. बचाव करणारे यात इतके तयार झाले की नुसतं दोन पावलं पुढे सरकून आक्रमण मारायचे. १९२५ मध्ये तीनचे दोन झाले. पुढच्याच हंगामात इंग्लिश लीगमधले गोल तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढले. आर्सेनलचा नवा मॅनेजर हर्बर्ट चॅपमन याच्या संघाने त्या ऑक्टोबरात न्यूकॅसलकडून ७-० असा मार खाल्ला आणि त्यानंतर उपाय केला. मधल्या फळीत खेळणारा सेंटर हाफ मागे खेचून तिसरा बचाव करणारा केला. पुढे हे इतकं बसलं की संघाची मांडणी वरून पाहिली तर इंग्रजी डब्ल्यू आणि त्याखाली एम दिसावा अशी झाली. मागे तीन, मध्ये दोन, त्यांच्यापुढे दोन, अगदी पुढे तीन.

या मांडणीत प्रत्येकाचं गिऱ्हाईक ठरलेलं. तुमचा पाच नंबर, म्हणजे सेंटर हाफ, आमच्या नऊ नंबरला, म्हणजे सेंटर फॉरवर्डला, धरणार. तुमचा दोन आमच्या अकराला. शर्टावरचा नंबर बघायचा आणि चिकटायचं. इंग्लंड यात पुढची पंचवीस वर्षं सुखाने राहिलं. चॅपमन स्वतः मोठा विचारी माणूस होता. त्याची नक्कल करणाऱ्यांनी साचा तेवढा उचलला आणि विचार तिथेच ठेवला, असं माझं मत आहे.

होगन दरम्यान भटकत होता. स्वित्झर्लंड, पुन्हा बुडापेस्ट, मग जर्मनी, जिथे ती फळी फुटली. ड्रेस्डेनच्या परिसरात एका महिन्यात पाच हजार खेळाडूंना त्याने शिकवलं. त्याच शहरातल्या क्लबात हेल्मुट श्योन नावाचा एक पोरगा त्याच्या हाताखाली आला, त्याच्याकडे आपण शेवटी येऊ. व्हिएन्नात माइझलच्या संघाला आता 'वुंडरटीम', म्हणजे चमत्कारी संघ, म्हणत होते. १९३१ मध्ये त्यांनी स्कॉटलंडला, म्हणजे पासच्या खेळाच्या माहेरालाच, ५-० ने हरवलं. ७ डिसेंबर १९३२ रोजी हा संघ लंडनला इंग्लंडशी खेळला, तयारी करून घ्यायला होगन सोबत. इंग्लंड ४-३ ने जिंकलं. पण मटियास सिंडेलार हा कागदासारखा सडपातळ सेंटर फॉरवर्ड मागे येऊन, चेंडू घेऊन, बचाव करणाऱ्यांना कोड्यात टाकून जात होता. ते कोडं इंग्लंडने तेव्हाच सोडवायला घ्यायला हवं होतं. जिंकल्यावर कोडी कोण सोडवतं?

होगन १९३४ मध्ये आपल्या जुन्या फुलहॅमचा मॅनेजर झाला. हंगामही पुरा झाला नाही. अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी तो इस्पितळात पडला होता तेव्हाच त्याला काढून टाकलं. अनुभवी खेळाडूंना शिकवणीची गरज नाही, असं संचालकांचं म्हणणं पडलं. दोन वर्षांनी त्याच माणसाच्या तालमीतला ऑस्ट्रियाचा हौशी संघ बर्लिन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात होता. तिथून ॲस्टन व्हिलाला येऊन त्याने तो क्लब १९३८ मध्ये दुसऱ्या विभागातून वर काढला, म्हणजे इंग्लंडमध्येही त्याचं चालत होतं. फक्त चालू द्यायला हवं होतं.

आणि मग लंडनचं वेम्बली मैदान, २५ नोव्हेंबर १९५३. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून इंग्लंड तोवर घरच्या मैदानावर कधीच हरलं नव्हतं… आयर्लंडने १९४९ मध्ये लिव्हरपूल शहरात इंग्लंडला हरवलं होतं, पण ते घरातलंच समजलं जायचं. समोर हंगेरी, वर्षभरापूर्वीचा ऑलिंपिक विजेता. प्रेक्षक एक लाखाच्या वर.

हंगेरीचा नऊ नंबर होता नांदोर हिदेगकुटी, एमटीकेचाच खेळाडू. इंग्लंडचा पाच नंबर हॅरी जॉन्स्टन. नियमाप्रमाणे जॉन्स्टनने हिदेगकुटीला चिकटायचं. पण हिदेगकुटी पुढे आलाच नाही. तो मागे, मधल्या फळीत हिंडत राहिला. जॉन्स्टनच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याच्यामागे गेलात तर तुमच्या गोलसमोर भगदाड, आणि तिथे हंगेरीचेच पुस्काश आणि कोचिस टपलेले. नाही गेलात तर हिदेगकुटी मधोमध एकटा, चेंडू पायात, हवं ते करायला मोकळा. दोन्हीकडून मरण. खेळ सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं तेव्हा त्याने पहिला गोल मारला. एकूण तीन मारले.

मांडणीची चाल तर हुशारीची होतीच, पण ती चालली कशाने? अकराही जणांना चेंडू एका स्पर्शात थांबवता येत होता आणि बघून देता येत होता, त्यामुळे. जागा बदलत खेळायचं तर ज्याच्याकडे चेंडू येईल त्याला तो सांभाळता आलाच पाहिजे, मग त्याच्या पाठीवर कुठलाही नंबर असो. पुस्काशचा तो प्रसिद्ध गोल आठवा. इंग्लंडचा कर्णधार बिली राइट घसरत आला, पुस्काशने बुटाच्या तळव्याने चेंडू मागे ओढला, राइट रिकाम्या गवतावरून घसरत गेला आणि चेंडू जाळ्यात. हे काम पायाचं आहे. फळ्यावरची कुठलीही आकृती ते करून देत नाही. शेवटी ६-३. सहा महिन्यांनी बुडापेस्टला इंग्लंडने परतफेडीचा प्रयत्न केला तेव्हा ७-१.

सामन्यानंतर हंगेरीच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष शांदोर बार्च यांनी सांगितलं, की आम्हाला फुटबॉल जे येतं ते जिमी होगनने शिकवलेलं आहे. संघाचे सूत्रधार गुस्ताव शेबेश यांनीही त्याचं नाव सोन्याच्या अक्षरांत लिहावं असं म्हटलं. होगन त्या दिवशी वेम्बलीतच होता. वय ७१. ॲस्टन व्हिलाच्या पोरांना सामना दाखवायला घेऊन आलेला, प्रेक्षकांत बसलेला.

इथे थोडं भान ठेवायला हवं. एकाच माणसाला सगळं श्रेय देणं वाचायला गोड लागतं, पण खरं नसतं. होगनच्या आधीच, १९०५ पासून, जॉन मॅडन हा स्कॉटिश माणूस प्रागच्या स्लाविया क्लबात शिकवत होता. मागे खेळणारा सेंटर फॉरवर्ड ही कल्पना हंगेरीत घडवली ती एमटीकेच्याच मार्टोन बुकोवी या कोचने. शेबेशच्या पाठीशी साम्यवादी सरकार होतं. सरकारने क्लब ताब्यात घेऊन चांगले खेळाडू सैन्याच्या होनवेद संघात गोळा केले, म्हणून ते वर्षभर एकत्र खेळत होते. अशी सोय कुठल्या इंग्लिश मॅनेजरला होती? आणि पुस्काशसारखा पाय शिकवून येत नाही, हे होगननेही मान्य केलं असतं. त्याचं म्हणून जे उरतं ते पायाखालचं जोतं. घर बांधलं दुसऱ्यांनी.

हे जोतं दूरवर पोचायला एक दुःखद कारण झालं. १९२० नंतर हंगेरीत ज्यूंच्या विरोधात कायदे येऊ लागले, पैशाचीही चणचण होती. एमटीकेशी ज्यू समाजाचं जुनं नातं. खेळाडू आणि कोच देश सोडून मिळेल तिथे गेले. एमटीकेत होगनच्या हाताखाली खेळलेला आणि त्याच्यानंतर त्याची जागा घेतलेला डोरी क्युर्शनर १९३७ मध्ये रिओच्या फ्लामेंगोला पोचला आणि ब्राझीलला त्याने युरोपातली मांडणी दाखवली. बागेतल्या त्या दोन पोरांपैकी ओर्थ १९३० च्या पहिल्या विश्वचषकात चिलीचा कोच होता. ब्राउनचं नशीब वेगळं. तो १९४३ मध्ये वेठबिगारांच्या पथकात मेला.

भारताचा धागा यात आहे का? सरळ नाही. पण १९५२ च्या ज्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हंगेरीने अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला हरवून सुवर्ण घेतलं, त्याच स्पर्धेत त्याच युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने चिरडलं होतं. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी होते. आपले कोच सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे, पेशाने शिक्षक. रहीमसाहेब सरावात फक्त कमजोर पायाने खेळायचे सामने लावायचे, ड्रिब्लिंगला बंदी असलेले सामने लावायचे. ते होगनचे शिष्य नव्हते. पण ती फुटलेली फळी त्यांना बघायला आवडली असती. चार वर्षांनी मेलबर्नला आपण चौथे आलो. मूळचा गोव्याचा आणि मुंबईत खेळणारा नेव्हिल डिसूझा याने तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले.

होगन ३० जानेवारी १९७४ रोजी गेला, ९१ वर्षांचा होऊन. जर्मन फुटबॉल संघटनेच्या सचिवांनी त्याच्या मुलाला पत्र लिहिलं, की आधुनिक जर्मन फुटबॉलचा जनक तुमचे वडीलच. पाच महिन्यांनी, ७ जुलैला, म्युनिकमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला पश्चिम जर्मनी, कोच हेल्मुट श्योन, ड्रेस्डेनचा तोच पोरगा. दुसऱ्या बाजूला नेदरलँड्स, जिथे १९१० मध्ये होगनने पहिला वर्ग घेतला होता. जर्मनी २-१ ने जिंकलं. इंग्लंड त्या स्पर्धेला पात्रच ठरलं नव्हतं.